तिसरा ठोका

विलासराव करड्यांना पोहता येत नव्हतं. सगळा जन्म पुण्याच्या तांबट आळीत गेला, आणि पाण्याशी संबंध आला तो पाणी साठवायच्या भांड्यांपुरता. हंडे, घंगाळी, बंब त्यांनी घडवले. पाणी भरलं ते दुसऱ्यांनी. अशा माणसाने त्रेसष्टाव्या वर्षी "मला समुद्राच्या तळाशी जायचंय" म्हणावं, याला आळीत म्हातारचळ म्हणतात. आळी तसं म्हणालीही, अगदी तोंडावर. विलासरावांनी हसून मान डोलावली, कारण कोण काय म्हणालं ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

त्यांचे कान गेले होते. एकदम नव्हे, चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने तिळातिळाने गेले होते. ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता. तांबटाचा जीव कानात असतो. तांब्यावर ठोके पडत गेले की तांबं कडक होत जातं, त्याचा आवाज बदलतो, आणि तो बदल ज्याला कळत नाही त्याचं भांडं हातातच तडकतं. कान गेलेल्या तांबटाकडे काम कोण देणार? म्हणून विलासराव गुपचूप डाव्या तळव्याने ऐकायला शिकले. भांडं तळव्यावर धरायचं, वर हातोडी चालवायची, आणि तांबं काय म्हणतंय ते कातडीतून समजून घ्यायचं. माणसांचं बोलणं ते ओठांवरून उचलत. बाजारात आता ऐकलेलं सगळं काचेवर लिहून दाखवणारे चष्मे आले होते, पण तसला चष्मा नाकावर चढवणं म्हणजे दारावर 'बहिरा' अशी पाटी लावणं. विलासरावांना ते जमण्यातलं नव्हतं.

शमिका कुबल मालवणहून आली ती जानेवारीतल्या एका सकाळी. तिशीची, उन्हाने रापलेली, समुद्रात पर्यटकांना बुडी मारायला शिकवणारी मुलगी. ती ज्या कंपनीत काम करायची, त्या कंपनीने तिला एक कागद घेऊन पाठवलं होतं. पण कागद तिने पिशवीतच ठेवला आणि आधी कारखान्यातल्या लाकडी ठोकळ्यावर बसून तिने सहलीचा विषय काढला. करडे नवराबायकोंना कंपनी समुद्रसहल घडवणार होती, दर वर्षी, हव्या त्या ठिकाणी.

"काका, पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याने जागा नीट निवडायची असते," ती म्हणाली. "पाणी उथळ पाहिजे, संथ पाहिजे, आरपार दिसणारं पाहिजे. आणि बरंवाईट झालंच, तर दवाखाना हाकेच्या अंतरावर पाहिजे. लोक नुसते फोटो बघून ठरवतात आणि मग बोटीत ओकत बसतात."

"बरं, मग कुठे?" विलासरावांनी विचारलं. तिचे ओठ स्पष्ट हलत होते, त्यामुळे पोरगी त्यांना आवडली होती.

"अंदमान म्हणाल तर पाणी काचेसारखं. पण विमान, मग जहाज, काकूंचे गुडघे बोलतील. लक्षद्वीपला कमरेएवढ्या पाण्यात सराव करता येतो, लहान मुलंसुद्धा शिकतात, फक्त परवान्याचे सोपस्कार फार. आमचं मालवण घरचंच. तिथलं पाणी अंदमानाएवढं निळं नाही, खोटं कशाला बोलू. पण थंडीत स्वच्छ असतं, आणि सहा मीटरवर सगळं दिसतं."

"आंग्रिया बँकवर न्याल का?"

शमिका हसली. आंग्रिया बँक म्हणजे किनाऱ्यापासून शंभरहून अधिक किलोमीटर आत, भर समुद्रात बुडालेला एक पठारी डोंगर. त्याचा माथाच मुळी वीस मीटर पाण्याखाली. "तिथे नवशिक्याला नेत नाहीत काका. दोन-तीन वर्षं शिकलेली माणसंसुद्धा विचार करून उतरतात."

"रेवती जायची."

"रेवतीताईची गोष्ट वेगळी," शमिका म्हणाली. आतल्या दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, कुंदाताईंनी, कप खाली ठेवले आणि त्या तशाच आत गेल्या.

रेवती त्यांची एकुलती एक मुलगी. ती समुद्राचे आवाज गोळा करायची. कुणाला सांगितलं तर हसू यायचं, पण समुद्राच्या तळाशी शांतता असते हा आपला गैरसमज. जिवंत प्रवाळाचा खडक म्हणजे सकाळची मंडई. बोटभर कोळंब्या नांग्या आपटून चटचट करतात, मासे गुरगुरतात, पोपटमासे दगड कुरतडतात. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं उघड्या समुद्रात वाहून जातात आणि काही आठवड्यांनी घर शोधत परततात, ती बरीचशी या गलक्याच्या रोखाने. खडक मेला की गलका थांबतो. गलका थांबला की पिल्लं येत नाहीत. पिल्लं आली नाहीत की खडकावर शेवाळ चढतं आणि तो कायमचा मरतो. गेल्या पंधरा वर्षांत समुद्र तीनदा तापला, आणि कोकणच्या किनाऱ्यालगतचे कितीतरी खडक असे मुके झाले.

त्यावर उपाय निघाला तो ऐकायला पोरखेळ वाटावा असा. जिवंत खडकाचा आवाज टिपायचा आणि मेलेल्या खडकावर पाण्याखालचा भोंगा लावून तो दिवसरात्र वाजवायचा. पिल्लं फसतात आणि येतात. आली की खडक साफ करतात, आणि खडक खरोखरच सावरू लागतो. पूर्वी हे प्रयोगापुरतं होतं. रेवतीने ते किनाराभर नेलं. आंग्रिया बँकवर बावीस मिनिटांचा एक आवाज तिने टिपला होता, इतका भरलेला, की तो लावला त्या प्रत्येक खडकावर मासे परतले. मालवणजवळच्या ज्या खडकाला कोळी 'म्हातारी' म्हणतात, तिथे तर असे थवे जमले की शमिकाच्या कंपनीने तिथेच नवशिक्यांची सहल सुरू केली. मासे दिसणारच, याची हमी देऊन.

चार वर्षांपूर्वी मालवणला जाताना गगनबावड्याच्या घाटात रेवतीची जीप दरीत गेली. एकतीस वर्षांची होती.

त्याआधी दोन महिने ती घरी आली होती. जेवायच्या आधी तिने बापाच्या कानावर हेडफोन चढवले. "बाबा, ऐका. शेवटपर्यंत ऐका हं." आणि ती समोर मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशी, त्यांच्या तोंडाकडे बघत. विलासरावांना काहीही ऐकू येत नव्हतं. बावीस मिनिटं ते तोंडावर समाधान आणून बसले.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"शेवटी काय होतं?"

विलासरावांनी अंदाज बांधला. समुद्राचाच आवाज, दुसरं काय असणार! "शेवटी लाटा होत्या," ते म्हणाले.

रेवतीने हेडफोन काढून घेतले आणि वायर बोटांभोवती सावकाश गुंडाळली. जेवली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी गेली. फोनवर आईशीच बोलायची. 'बाबांना माझ्या कामात काडीचाही रस नाही, ते ऐकलंसुद्धा नाही त्यांनी,' एवढं तिने आईला सांगितलं होतं.

त्या आवाजात लाटा नव्हत्याच. शेवटी काय होतं ते विलासरावांना तिच्या मागे कळलं, आणि तेही साऱ्या जगाबरोबर. रेवती गेल्यावर ती काम करायची त्या संस्थेने तो आवाज यंत्राकडून स्वच्छ करून घेतला. बोटीची घरघर काढली, माणसाने केलेले सगळे आवाज काढले. आणि पिल्लं यायची थांबली. सहा महिने शास्त्रज्ञांनी डोकं खाजवलं. मग रेवतीची वरिष्ठ, डॉ. अनघा पेठे, हिच्या लक्षात आलं, की मूळ आवाजाच्या अखेरीस तीन ठोके होते. टिपण संपलं याची खूण म्हणून रेवती पाठीवरच्या हवेच्या टाकीवर लोखंडी सळीने तीन ठोके मारायची. भोंग्यातून दर बावीस मिनिटांनी ते वाजत होते. म्हातारीवर घातलेल्या अंड्यांतली पिल्लं तेच ऐकत वाढली होती, आणि त्यांच्या लेखी घर म्हणजे ते तीन ठोके. ठोके परत घातले, पिल्लं परत आली. शास्त्राच्या पुस्तकात त्याला 'करडे खूण' असं नाव पडलं.

"अहो, आपलेच ठोके आहेत ते," कुंदाताईंनी हेडफोन लावून ऐकल्यावर सांगितलं होतं. "जेवणाचे."

करड्यांच्या घरात तीन पिढ्यांची रीत होती. दुपारी काम थांबलं की तांबट रिकाम्या ऐरणीवर तीन ठोके मारायचा. मग घरात पानं घेतली जायची, आणि आळीत हुंदडणारी पोरं हात धुवायला पळायची. रेवती तर खेळ अर्धा टाकून यायची. ती गेल्यापासून विलासरावांनी ते ठोके बंद केले होते.

आता शमिकाने पिशवीतून कागद काढला. म्हातारीवरची भोंग्याची पेटी कंपनीची, पण आवाज रेवतीचा, म्हणजे आता तिच्या आईबापांचा. वापराची मुदत एकतीस मार्चला संपत होती. विलासरावांनी सही केली, तर पुढची दहा वर्षं तो तिथे वाजणार होता, आणि करडे पतिपत्नींना दर वर्षी तिथे जाता येणार होतं.

"आणि नाही केली तर?"

"तर बंद. बाकीच्या खडकांवरचा संस्थेने आधीच बंद केलाय. मग तो फक्त आंग्रियाच्या उत्तरेकडच्या कडेवर वाजेल. संस्थेने तिथे लावलाय. पस्तीस मीटरवर."

पस्तीस मीटरवर त्रेसष्ट वर्षांचा तांबट या जन्मात जाणार नव्हता.

सही करण्यात अडचण एवढीच होती, की कपाटात अनघा पेठेचं पत्र होतं. तिने लिहिलं होतं, 'काका, पाणी आता दर एप्रिलला तापतं. सहा मीटरवर बत्तीस-तेहतीस अंश. म्हातारी पांढरी पडते, खायला उरत नाही, लपायला जागा उरत नाही. एरवी पिल्लं खोल, गार पाण्याकडे सरकली असती. पण पेटी वाजत असते, म्हणून ती हलत नाहीत. शंभरातली नव्वद तिथेच मरतात. आपण त्यांना घर म्हणून बोलावतो आणि ते घर जळत असतं. चूक आमचीच आहे, आम्हाला उशिरा कळली. कृपा करून सही करू नका.'

"मासे मरतात, बायका रोज बाजारातून आणून तळतात," कुंदाताई म्हणाल्या होत्या. त्यांचं मत एक घाव दोन तुकडे असं होतं. "माझ्या पोरीचा हात कुठेतरी वाजतोय अजून. तो मी बंद करू? ती पुन्हा मरेल हो." आणि त्या रडल्या.

"एप्रिलात तिथे काय दिसतं गं?" त्यांनी आता शमिकाला विचारलं.

शमिकाने चहाचा कप उचलला. "एप्रिलात गर्दी कमी असते काका," ती म्हणाली, आणि हे उत्तर नव्हे हे दोघांनाही कळलं.

"आधी उतरतो. मग सही."

"म्हणजे मालवण नक्की?"

"जिथे ती वाजते तिथे. बाकी तुझी काच आणि निळाई राहू दे."

तब्येतीच्या अर्जात सत्तावीस प्रश्न होते. 'कानाचा काही त्रास?' या प्रश्नापुढे विलासरावांनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. आपल्याला तिथे काही ऐकू येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी एकदा त्यांनी मोबाइलवर तळवा ठेवून पाहिला होता. त्याने नुसत्या गुदगुल्या केल्या. पण लाटा म्हणून सांगितलेल्या त्या जागी एकदा जाऊन उभं तरी राहावं, असं त्यांना वाटत होतं. तिच्यासमोर जाऊन, चुकलो म्हणावं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं मालवणला पोहोचली. पहिल्या दिवशी शमिकाने त्यांना छातीभर पाण्यात उभं करून सराव करून घेतला. तोंडाने श्वास घ्यायचा, नाक दाबून कानांत हवा फुंकायची, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने बाहेर ढकलायचं. मग हाताच्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की ठीक. हात आडवा हलवला की गडबड. अंगठा वर म्हणजे वर चला. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातांनीच. इतर नवशिके खुणा विसरत होते, एकमेकांना बघून हसत होते. विलासरावांना एकदा दाखवलेली खूण पुन्हा दाखवावी लागली नाही. पंधरा वर्षं माणसांच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघून काढली होती. इथे सगळेच बहिरे, हे कळल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते छातीभर पाण्यात उगाचच हसले.

"काका, तुमी आधी खंय शिकलात काय?" शमिकाने विचारलं. आपल्या पाण्यात आली की ती मालवणीत बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट म्हातारीपाशी लागली. कुंदाताई बोटीत हेडफोन लावून बसल्या. पेटीचा आवाज वर ऐकायची सोय होती. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरची टाकी, पट्टे, शिसं सगळं एकदा निरखलं आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. देवाला की समुद्राला, ते त्यांनाच ठाऊक.

"माझो हात सोडू नकात," शमिका म्हणाली. "भियाव नकात. श्वास थांबवू नकात, बस."

पाणी डोक्यावरून मिटलं. पहिलं एक मिनिट विलासरावांना वाटलं, आपण मरतोय. मग छाती आपोआप चालू लागली. दोरीला धरून, दर हातभर अंतराला नाक दाबत, ते शमिकाबरोबर खाली गेले. हिरवट उजेडात म्हातारी दिसली, आणि तिच्याभोवती मासे. पिवळे, पट्ट्यांचे, चपटे, नखाएवढे. चार वर्षं ज्याच्याबद्दल नुसतं वाचलं होतं ते इथे खरोखर होतं. लेकीने केलेलं काम बाप पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होता. मास्कच्या आत डोळे भरले, आणि ते पाणी कसं बाहेर ढकलायचं हे शमिकाने शिकवलं नव्हतं.

मागे शमिकाने सळीने आपली टाकी वाजवली. एका फटीत शेपटी हलवत बसलेला मासा तिला दाखवायचा होता. विलासराव वळले नाहीत. तिने पुन्हा वाजवली, जोरात. विलासराव ढिम्म. ती पोहत त्यांच्यासमोर आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि मग तिने स्वतःच्या कानाकडे बोट करून हात आडवा हलवला. कान? गडबड?

विलासरावांनी मान हलवली. हो.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे कुणाला सांगितलं, तेही सहा मीटर पाण्याखाली आणि बोटांनी. शमिकाने त्यांना वर नेलं असतं तर नियमाला धरून झालं असतं. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं, त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना पेटीपाशी नेलं.

पेटी म्हणजे खडकाला बोल्ट मारून बसवलेला, पोळपाटाएवढा, धातूच्या तोंडाचा डबा. विलासरावांनी हातमोजा काढला. भांड्याला लावायचे तसा डावा तळवा त्यांनी त्या पत्र्यावर लावला.

आणि समुद्र तळव्यातून चालू झाला. आधी सगळं एकवट होतं. मग तळव्याला सवय झाली आणि धागे वेगळे होऊ लागले. बारीक तडतड होती, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. त्याखाली जाडसर गुरगुर. मधूनच काहीतरी कुरतडल्याची खरखर. हे ती ऐकत होती. हे त्यांनी ऐकावं म्हणून मांडी घालून समोर बसली होती. विलासरावांना वेळेचं भान राहिलं नाही. शमिकाने बोट वर केलं: एक मिनिट.

गुरगुर मंदावली. तडतडही दूर गेली. मग ठोका आला, पाठोपाठ दुसरा.

तिसरा जरा उशिरा आला, आणि किंचित घसरून.

सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पत्र्याच्या दाबयंत्रात सापडली होती. तेव्हापासून दोन ठोक्यांनंतर मुठीतली हातोडी जराशी फिरायची आणि तिसरा ठोका लंगडायचा. आजोबांचे तीन ठोके सरळ होते. वडिलांचे सरळ होते. ही लंगड साऱ्या घराण्यात त्यांची एकट्याची होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नसेल असं त्यांनी छत्तीस वर्षं धरून चाललं होतं. रेवतीची बोटं धडधाकट होती. तिला सरळ ठोका सहज मारता आला असता.

तिने मुद्दाम लंगडा मारला होता. 'शेवटी काय होतं, बाबा?' शेवटी ते स्वतः होते. आणि त्यांनी लाटा म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी दुसरा तळवाही पेटीवर ठेवला, जणू तिचे हात धरावेत. तेवढ्यात त्यांना ती दिसली. तिसऱ्या ठोक्याबरोबर निळ्या पोकळीतून पिल्लं येत होती. अंगातून उजेड आरपार जाईल अशी, तांदळाएवढी, घाईघाईने. आळीतली पोरं जेवायला पळत यायची तशीच. काही त्यांच्या बोटांना लागली, आणि तिथेच, पेटीच्या आडोशाला, निर्धास्त थांबली.

विलासराव त्यांच्याकडे बघत राहिले. शमिकाने अंगठा वर केला. हवा संपत आली होती.

बोटीवर चढल्यावर शमिकाने आधी टाकी उतरवली, मग ती समोर येऊन बसली. "तुमका आयकाक येना नाय, ता माका आधी सांगूक व्हया होता," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली. रागाने नव्हे.

विलासरावांनी बायकोकडे बघितलं. "कुंदा, मला ऐकू येत नाही."

कुंदाताईंनी हेडफोन काढले. "पंधरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"एका ताटात जेवणाऱ्या माणसाला कळणार नाही? तुमची लाज राखली मी. तिलाही सांगितलं नाही." त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "ती फोनवर म्हणाली, बाबांनी ऐकलंसुद्धा नाही. तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं हो. एक वाक्य होतं. पुढच्या खेपेला ती येईल तेव्हा समोर बसवून सांगू, म्हटलं."

पुढची खेप आलीच नव्हती. बोट हलत होती.

विलासराव म्हणाले, "तिसरा ठोका माझा आहे, कुंदा. लंगडा. तिने माझा मारलाय."

"मग? आता तरी करा सही."

"शमिका," विलासराव वळून म्हणाले, "एप्रिलात तिथे काय दिसतं ते सांग. पोटापाण्याचं नंतर बघू."

शमिका ओल्या केसांतून हात फिरवत राहिली. मग बोलली ती पाण्याकडे बघून, आणि मग लक्षात येऊन त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा. "खडक हाडासारखो पांढरो होता. मोठे मासे जातत. पिल्लां थंयसून हलणत नाय. पेटीकडे तोंड करून रवतत. ठोके पडले की जवळ येतत. दर खेपेक थोडी कमी." तिने डोळे पुसले. "मी दोन वर्सां बघतंय. कोणाक सांगूक नाय."

"ते ठोके कशाचे होते कुंदा?" विलासराव म्हणाले. "पानं घेतली, या, याचे ना? तीन पिढ्यांत कधी असं झालं का, की ठोके मारले आणि पोरं आली, आणि पान रिकामं? रेवतीच्या नावाने, माझ्या हाताने, जेवायला बोलवायचं आणि उपाशी मारायचं? ती असती तर तिनेच पेटी उपटून काढली असती."

कुंदाताईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि पुढचे ठोके पडेपर्यंत, उन्हात, तशाच बसून राहिल्या. ठोके पडून गेल्यावर त्यांनी ते काढले, वायर बोटांभोवती सावकाश गुंडाळली आणि शमिकाच्या हातात दिली.

"तुझा कागद तसाच परत ने, बाई," त्या म्हणाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अनघाचा निरोप आला. पेटी एकतीस मार्चला संध्याकाळी बंद केली. चार दिवस पिल्लं मुक्या पेटीभोवती फिरत राहिली. पाचव्या दिवशी पाणी तापायला लागलं आणि ती खोल पाण्याकडे निघून गेली. किती जगतील ते सांगता येत नाही. आंग्रियावर ठोके चालू आहेत. शमिकाने वेगळी एक ओळ पाठवली होती: 'काका, म्हातारी आता अगदी गप्प आहे.'

विलासरावांनी निरोप दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. हातातलं तपेलं पुरं झालं होतं. ते बाजूला सरकवून त्यांनी ऐरण मोकळी केली. दुपारचा एक वाजत आला होता. कुंदाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चार वर्षं कुणी बोलावलं नव्हतं, आज का आल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

विलासरावांनी त्यांना खुणेने जवळ बसवलं. त्यांचा हात धरून तळवा ऐरणीच्या कडेला टेकवला. "डोळे मीट," ते म्हणाले.

कुंदाताईंनी डोळे मिटले. विलासरावांनी हातोडी उचलली. एक ठोका पडला. दुसरा पडला. मग मुठीत हातोडी जराशी फिरली, आणि तिसरा लंगडतच आला.